खोका नंबर सात

बदलीचा कागद आला तेव्हा
ऑफिसात कुणी अभिनंदन केलं नाही.
'धुळे?' म्हणाले, आणि चहा मागवला,
दवाखान्यातून आलेल्याला पाजतात तसा.

आईने खोके भरले. सहा खोक्यांत संसार,
सातव्यात, जे तिथे मिळणार नाही ते:
कॉफीचे दोन डबे, मशीनच्या सुया, चंदनाचे आठ साबण,
टॉर्च, टॉर्चचे सेल,
चष्म्याची जादा जोडी,
'न जाणो, काचा बसवणारा असेल नसेल.'
वर स्केचपेनने लिहिलं: लागेल तसा उघड.

पहाटे एसटीतून उतरले.
रिक्षावाल्याने विचारलं, 'कितवी गल्ली?'
देवाचं नाव नाही, थोराचं नाही,
नुसता आकडा. पाच.
वाटलं, या गावाला बारशालाही सवड झाली नसावी.
मग चालून पाहिलं.
एका टोकाला उभं राहिलं की
दुसऱ्या टोकाला आभाळ,
मध्ये कुणी आडवं न येता.
पुण्यात अकरा वर्षं काढली,
आभाळ असं रस्त्याच्या शेवटी ठेवलेलं कधी सापडलं नाही.

माझं काम विहिरी मोजण्याचं.
वर्षातून चारदा टेप सोडायची,
पाण्याला टेकली की आकडा लिहायचा.
साक्रीकडे, शिंदखेड्याकडे
उघड्या माळावर काळ्या दगडाच्या भिंती, लांबच लांब,
कुणीही न बांधलेल्या.
आम्ही त्यांना डाइक म्हणतो.
हिलाल चौधरी, ज्यांच्या विहिरीत माझी टेप दोनदा पडली,
म्हणतात, 'धरतीना कना शे तो, बाई.'
त्या भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी अडतं.
रस्त्यावरून जाणाऱ्याला कुसळं दिसतात.
रिपोर्टात हे मी वेगळ्या शब्दांत लिहिते.

खोटं कशाला बोलू.
नळ चौथ्या दिवशी येतो,
मे महिन्यात दाराची कडी चटका देते,
आणि मी कांदे किती घेतले हे
मी घरी पोचायच्या आत सुपडाबाईंना कळलेलं असतं.
पण चौथ्या दिवशी पहाटे
दारावर थाप त्यांचीच:
'पानी उनं वं माय, ऊठ!'

ऑफिस ते घर दहा मिनिटं.
उरलेल्या संध्याकाळीचं काय करायचं
हे पहिलं वर्षभर कळेना.
आता लहान पुलावर उभी राहते.
पांझरेत नदी कमी, बगळे जास्त.
डिसेंबरात दात आपले आपण बोलतात,
आणि पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचा धूर
शालीत शिरतो तो शाल धुतल्यावरही निघत नाही.
मी फारशी धूतही नाही.

बहीण फोनवर विचारते, 'अजून तिथेच?'
'तिथे' हा शब्द ती जरा लांबून उच्चारते.
दोन वेळा मुदत मीच वाढवून घेतली,
हे तिला सांगितलेलं नाही.

तिसऱ्यांदा मिळाली नाही.
सामान न्यायला जिभाऊ आला, खोके मोजू लागला.
माळ्यावरून सातवा निघाला,
नऊ वर्षांची चिकटपट्टी तशीच.

कॉफीचा दगड झाला होता. सेलांना पांढरी बुरशी.
साबण आक्रसलेले, भेगाळलेले,
वास मात्र आईच्या कपाटाचा, जसाच्या तसा.
सुया सरळ होत्या.
चष्म्याचा नंबर मधल्या काळात दोनदा बदलला,
दोन्ही वेळा काचा चौथ्या गल्लीत बसल्या,
अर्ध्या तासात, वर चहा.

सुयांची पुडी सुपडाबाईंनी मागून घेतली.
म्हणाल्या, 'एवढ्या लांबून आणल्या व्हत्या?
कोपऱ्यावर तर मिळतस.'

जिभाऊ दारात उभा, खोका खांद्यावर.
'मॅडम, हा गाडीत टाकू का खाली ठेवू?'
मी म्हटलं, थांब जरा.
आज चौथा दिवस आहे,
आधी पाणी भरून घेऊ.